चिंचमळ्याचा नववा नंबर

चिंचमळा, ता. इंदापूर
२० जून २०२४

श्रीमती मुलाणी मॅडम यांस,
सप्रेम नमस्कार.

बारामतीच्या नव्या शाळेत आपण रुजू झाल्याचं कळलं. अभिनंदन. आपल्याला फोन लावला होता, लागत नाही. नंबर बदलला असावा. म्हणून शाळेच्या पत्त्यावर लिहीत आहे.

कारण एवढंच की दुसरी-तिसरीच्या वर्गातल्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडत नाही. चार्ज देताना आपण सर्व किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या, त्यात ती नव्हती. नजरचुकीने आपल्याकडे राहिली असल्यास पाठवावी.

शाळेचं सर्व उत्तम चाललं आहे. पट अडतीस. तुमच्या जागी अजून कोणी आलेलं नाही, त्यामुळे चारही वर्ग मीच सांभाळतो. मार्चच्या वाचन चाचणीत केंद्रातल्या सगळ्या शाळांत आपल्या शाळेचा पहिला क्रमांक आला, त्याचं प्रमाणपत्र आलं आहे. ऑफिसात लावलं आहे. वर्गशिक्षक म्हणून त्यावर तुमचंच नाव आहे. झेरॉक्स हवी असल्यास कळवावं.

मार्च-एप्रिलमध्ये आपल्यात जे झालं, त्याबद्दल माझ्या मनात आता काही नाही. तुम्हीही ठेवू नये. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी बरेच शिक्षक येताना-जाताना पाहिले. तरुणपणी माणूस ताठ असतो, पुढे समजतं.

कळावे,
रामहरी शेंडगे
मुख्याध्यापक, जि. प. प्राथमिक शाळा, चिंचमळा


१२ जुलै २०२४

मुलाणी मॅडम,

किल्ली मिळाली. एसटीच्या कंडक्टरने अंथुर्ण्याच्या स्टँडवर टपरीवाल्याकडे दिली, तिथून पोहोचली. ज्या कागदात गुंडाळली होती, तो उलटसुलट करून पाहिला. कोरा होता.

कपाट उघडलं. आत तुमची कार्डं होती, लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिलेली. एका बाजूला कुणाचा तरी शुभविवाह आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘विहीर’. तुम्ही गावभर पत्रिका मागत फिरायचात तेव्हा मला ते बरं वाटायचं नाही, असं मी बोललोही होतो. मुलांच्या नावांची ती निळी वहीही सापडली.

आता एक गोष्ट सांगतो, ती आपल्या दोघांतच राहू द्या.

म्हाळसा तुम्हाला आठवत असेलच. आपल्या शाळा समितीचे अध्यक्ष सर्जेराव यांची नात, आता तिसरीत आहे. मागच्या सव्वीस जानेवारीला तिने पुस्तकातला अख्खा धडा माइकवर वाचून दाखवला होता आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या होत्या. तुमच्या वहीत मात्र तिच्या नावापुढे ‘अक्षरं ओळखते, शब्द नाही’ असं लिहिलेलं आहे. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. म्हटलं, आज आपणच पाहू.

तिला बोलावलं, तोच धडा उघडून दिला. घडाघडा वाचला. माझी मान ताठ झाली. मग सहज म्हणून, अगदी सहज, मी वरच्या चित्रावर हात ठेवला आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, “इथून वाच.”

पोरगी माझ्या हाताकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, चित्र झाकू नका की. मग कसं वाचायचं?”

मी हात काढला. तिने पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि सगळा धडा म्हणून दाखवला. वाचून नाही. म्हणून.

मग तुमचं एक कार्ड दिलं, ‘कागद’. तिने ‘का’ पाहिला आणि ठणकावून सांगितलं, “कारखाना!” दुसरं दिलं, ‘काकडी’. “कारखाना!” भवानीनगर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या हंगामात रोज दारावरून जातात, तिच्या जगात ‘का’चं दुसरं काही होतच नाही.

कदाचित ती लाजली असेल. उद्या पुन्हा बघतो.

रा. शेंडगे


२९ ऑगस्ट २०२४

मुलाणी मॅडम,

दीड महिना झाला. तुमचं उत्तर आलं नाही आणि मी मागितलंही नव्हतं. तरी लिहितो, कारण हे दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही.

तुमच्या वर्गातली एकवीसच्या एकवीस मुलं मी तपासली. तुम्ही करायचात तशी, एकेकाला बाजूला, खिचडीच्या शेडमागे बसवून, म्हणजे बाकीच्यांना ऐकू जाऊ नये आणि कुणी हळूच सांगू नये. तुमच्या वहीतले तीन उतारे वापरले, कुणीही आधी न पाहिलेले. मी तोंड मिटून बसलो. हे माझ्यासारख्या माणसाला किती जड जातं ते तुम्हाला माहीत आहे. मूल अडलं की माझे ओठ आपोआप हलतात. चाचणीच्या वेळी मी मुलांच्या समोर उभा राहून ओठ हलवायचो आणि ती माझ्या तोंडाकडे बघून वाचायची, हे तुम्ही म्हणाला होता. मी रागावलो होतो.

मार्चमध्ये तुम्ही एकवीसपैकी पाच मुलं उतारा वाचतात असं लिहिलं होतं. मी ऑनलाइन भरताना एकोणीस भरले. त्याला मी मनातल्या मनात ‘मुलांच्या कलाने घेणं’ म्हणत होतो.

या वेळी माझ्या तपासणीत किती आले, विचाराल. पाच. आणि तेच पाच.

सोमवारपासून रोजचा पहिला तास फक्त वाचनाचा केला आहे. पहिली-दुसरीला तात्पुरते एक सर आले आहेत, त्यामुळे तिसरी-चौथी पूर्ण माझ्याकडे आहे. तुमची ती एकवीस मुलं आता याच दोन वर्गांत आहेत. म्हाळसाला मी अक्षरकार्डांच्या गटात बसवलं. दुसऱ्याच दिवशी सर्जेराव टॉवेल झटकत आले.

“गुरुजी, माझी नात घडाघडा वाचती. माइकवर वाचलंय तिनं. अन् तुमी तिला पुन्यांदा अक्षरांवर बसवलंय व्हय?”

“आबा, थोडा सराव कच्चा आहे.”

“कच्चा कसा? पयला नंबर हाय न्हवं शाळेचा? सर्टिफिकेट हितंच लावलंय की!”

मी त्यांची समजूत घातली. ते गेले.

तुमच्या वहीत समासात एक वाक्य आहे, ‘घरच्या बोलीत वाचलं तर चूक धरू नये, समजून वाचतंय.’ हे तुम्ही का लिहिलंय, ते अजून माझ्या नीट ध्यानात आलं नाही. कळवलंत तर बरं.

आणखी एक. मुलं पहिलं अक्षर बघून पुढचं ठोकून देतात, त्याला काय करावं?

रामहरी शेंडगे


३ ऑक्टोबर २०२४

जास्मिन मॅडम,

तुमचं पत्र मिळालं. ना नमस्कार, ना सही. तरी मी ते तीनदा वाचलं. ते फाइलला लावायचं की घरी ठेवायचं, हा प्रश्न पडला. शेवटी वर्गात खडूच्या डब्याखाली ठेवलं आहे, कारण रोज लागतं.

तुम्ही लिहिलंत, ‘मुलं अंदाज करतात म्हणून रागावू नका, अंदाज करणं हुशारी आहे. पण अंदाजाला जागा ठेवू नका. काम, कान, काच, काठ अशी कार्डं एकत्र द्या. शेवटच्या अक्षरापर्यंत बघावंच लागतं. रोज प्रत्येकाला तीन मिनिटं एकट्याला ऐका. कपाटाचं दार जोरात ओढू नका, बिजागरी सैल आहे.’

तसंच केलं. पहिल्या आठवड्यात म्हाळसाने काम, कान, काच, काठ या चौघांनाही कारखाना केलं. दुसऱ्या आठवड्यात ती थांबायला लागली. तोंड उघडायची, मिटायची, आणि बोट शेवटच्या अक्षरापर्यंत न्यायची. एवढं थांबणं पाहायला मला एकतीस वर्षं लागली. मी आजवर अडखळणाऱ्या मुलाला ‘बस खाली’ म्हणत आलो. अडखळतं म्हणजेच ते वाचायला लागलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे, तुम्ही सांगितलं होतं.

परवा शाळा सुटल्यावर मी मोटरसायकल काढत होतो. म्हाळसा डेअरीच्या भिंतीपुढे उभी, दप्तर पाठीवर. बोट हवेत. “दू... ध. दूध. सं... क... ल... न.” मागे वळून मला म्हणाली, “सर, संकलन म्हंजी काय?”

मी गाडी बंद केली. पाठ करणारं पोर अर्थ विचारत नाही, मॅडम. त्याला गरजच नसते. मी तिला म्हटलं, “सगळ्यांच्या घरचं दूध एका जागी गोळा करणं.” ती म्हणाली, “मग तसंच का लिवलं न्हाय?”

घरी जाताना मी गाडीवर एकटाच हसत होतो.

रामहरी शेंडगे


९ डिसेंबर २०२४

जास्मिन मॅडम,

हे पत्र लिहायला मी उशीर केला. किती उशीर केला ते यात पुढे सांगतो.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वरून अचानक पडताळणी झाली. मार्चच्या यादीतली चार मुलं त्यांनी आपल्या मनाने निवडली आणि वाचायला दिलं. चौघांच्याही नावापुढे ‘उतारा वाचतो’ अशी नोंद होती. एकालाच वाचता आलं. अधिकाऱ्यांनी नोंद पाहिली. भरणाऱ्याचं नाव, वर्गशिक्षिका : जास्मिन लियाकत मुलाणी. लॉगिन तुमचं होतं ना. ते मला माहीत होतं, कारण पासवर्ड मीच वापरला होता.

तुम्हाला खुलासा मागवणारं पत्र निघालं, हे मला त्याच दिवशी कळलं. मी अकरा दिवस गप्प बसलो. तब्येतीचं कारण नव्हतं, कामाचं नव्हतं. मी भीत होतो. दीड वर्षात निवृत्ती आहे आणि सेवापुस्तक आजवर स्वच्छ आहे. रोज सकाळी वाटायचं, आज इंदापूरच्या शिक्षण कार्यालयात जाऊन सांगू. रोज संध्याकाळी वाटायचं, मॅडम हुशार आहेत, त्या देतील काहीतरी उत्तर.

बाराव्या दिवशी वर्गात वाचन चालू होतं. एका मुलाने उतारा अडखळत संपवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी रोज देतो तशी शाबासकी द्यायला हात उचलला, तर तो म्हणाला, “सर, मधला एक शब्द मी सोडून दिला. त्यो येत न्हवता.” आठ वर्षांचं पोर. कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

मी त्या दुपारी इंदापूरला गेलो आणि लेखी दिलं की मार्चचे आकडे वर्गशिक्षिकेचे नसून मुख्याध्यापकाने तिच्या संमतीशिवाय भरले आहेत. सोबत तुमच्या निळ्या वहीच्या झेरॉक्स जोडल्या, तारखांसह. तुमच्याकडून मागवलेला खुलासा रद्द झाल्याचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. माझ्या सेवापुस्तकात नोंद होईल. झाली तर झाली.

मागच्या आठवड्यात पालकसभा घेतली. प्रमाणपत्र आधीच भिंतीवरून काढून ठेवलं होतं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की मागच्या वर्षीचा पहिला नंबर खोटा होता, आणि तो मी केला होता.

आणि आता ते वाक्य, जे मी या चार पत्रांतून टाळत आलो. एप्रिलच्या सभेत तुम्ही पालकांसमोर म्हणालात की आपल्या मुलांना अजून वाचता येत नाही. मी सगळ्यांदेखत म्हणालो, “मॅडमच्या घरची भाषा वेगळी, त्यांना आपल्या पोरांचं बोलणं कुठलं कळणार.” लोक हसले. तुम्ही डब्याची पिशवी उचललीत आणि स्टँडपर्यंत चालत गेलात.

तुमचा जन्म भवानीनगरचा, वडील लियाकतभाई कारखान्यावर फिटर. तुमच्या आजीची, रोशनबींची, डाळ निवडता निवडता घातलेली कोडी तुम्ही मुलांना सांगायचात आणि मी दाराआड उभा राहून ती ऐकायचो. त्यातली निम्मी मला कधी सुटली नाहीत. हे सगळं माहीत असून मी ते बोललो. मला दुसरं काही सुचलं नाही, म्हणून जे सर्वात लवकर लागेल ते मारलं.

सभेत मी हे वाक्यही सांगितलं, जसंच्या तसं, आणि ते खोटं होतं असंही सांगितलं. ऑगस्टमध्ये सर्जेरावांची ‘समजूत घातली’ असं मी तुम्हाला लिहिलं होतं. मी त्यांना म्हणालो होतो की मुलाणी मॅडमनी पाया कच्चा ठेवला. तेही सभेत त्यांच्या तोंडावर मागे घेतलं.

मग सर्जेराव उठले.

“त्या बाईनं खरं सांगितलं तवा आमी हसलो. हसणाऱ्यात मीबी हुतो, गुरुजी. माझाच आवाज मोठा हुता.” मग टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाले, “आता तोंड पाडून बसायचं, का पोरांचं वाचायचं बघायचं? काय करायला पायजे, त्ये बोला.”

मी काय करायचं ते सांगितलं. तुमच्याच पत्रातलं सांगितलं. आता रोज दिवेलागणीच्या आत वस्तीवर प्रत्येक घरात एक जण तीन मिनिटं मुलाचं वाचन ऐकतो. सर्जेराव चौथी शिकलेत. परवा त्यांनी नातीची चूक काढली आणि ती चूक नव्हती, तर नातीने त्यांना शब्द बोट ठेवून दाखवला. मला सांगताना आबांची छाती फुगली होती.

मी क्षमा मागत आहे. मागण्याचा हक्क नाही, तरी मागतो.

रामहरी शेंडगे


१७ मार्च २०२५

जास्मिन मॅडम,

आज चाचणी झाली. दुसऱ्या केंद्रातल्या शिक्षकांनी घ्यायची, असा यंदाचा नियम. दौंडकडच्या एक बाई आल्या. तरुण, काटेकोर, हातात सीलबंद पाकीट. मला म्हणाल्या, “सर, तुम्ही वर्गात थांबू नका.” मी म्हटलं, “मी व्हरांड्यातही थांबत नाही,” आणि चिंचेखाली जाऊन बसलो.

खिडकी उघडी होती. ऐकू येणार नाही इतका लांब मी बसलो नव्हतो, हे कबूल करतो.

एकेक मूल आत जात होतं. कुणी धावत बाहेर येत होतं, कुणी सावकाश. मी कुणालाही काही विचारलं नाही. बाराव्या नंबरला म्हाळसा गेली.

उतारा शेळीचा होता, माळावर पाणी शोधणाऱ्या. तिचा आवाज मला स्पष्ट आला. थांबत, बोट सरकवत, पण नीट. मग एक वाक्य आलं, आणि ती म्हणाली, “हितं पाणी न्हाय, असं तिला वाटलं.”

बाईंचं पेन चाललं. एका ओळीत चार चुका.

त्या क्षणी, मॅडम, तुमच्या समासातलं ते वाक्य मला समजलं. कागदावर ‘येथे पाणी नाही, असे तिला वाटले’ असंच असणार. पोरीने ते डोळ्यांनी वाचलं, मनात घेतलं आणि तोंडाने आपल्या घरचं बोलून टाकलं. पाठ असतं तर पुस्तकातलंच आलं असतं. ती चूक करत नव्हती. ती वाचत होती.

मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. एकोणीस लिहिणारा माणूस मी. मला आता तोंड उघडायचा अधिकार आहे का? पण बसवेना. बाई पाणी प्यायला बाहेर आल्या तेव्हा हात जोडून म्हणालो, “बाई, एक विनंती आहे. आकडा वाढवा असं म्हणत नाही. आता गेलेली मुलगी घरची बोली बोलली. तिला वाचता आलं की नाही, ते एकदा नीट तपासा.”

“सर, तोच उतारा पुन्हा देता येत नाही. नियम आहे.”

“मग दुसरा द्या. अवघड द्या. मी गेटबाहेर जातो, रस्त्याच्या पलीकडे.”

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मागच्या वर्षीचं त्यांच्या कानावर असणारच. म्हणाल्या, “गेटबाहेर जा.”

मी गेलो. ऊस घेऊन चाललेला ट्रॅक्टर मध्ये आला, त्यामुळे खरंच काही ऐकलं नाही. पंधरा मिनिटांनी बाई स्वतः गेटपर्यंत आल्या. हसत होत्या.

त्यांनी म्हाळसाला सांगितलं होतं, “कागदावर जसं लिहिलंय, अगदी तसंच म्हण हं.” दुसरा उतारा बाजाराचा होता. म्हाळसाने पूर्ण वाचला. जिथे ‘येथे’ आलं तिथे ‘येथे’ म्हणाली, आणि मग मान वर करून बाईंना समजावलं, “म्हंजी हितं.” बाईंना कळलं नसेल तर, म्हणून.

“तुमची मुलगी मला शिकवून गेली, सर,” त्या म्हणाल्या. “ही दृष्टी शाळेत कुणाची?”

मी तुमचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आणि आताच्या शाळेचा पत्ताही.

एकूण निकाल अजून हातात नाही. आला की कळवतो, कितीही येवो.

रामहरी शेंडगे


११ एप्रिल २०२५

जास्मिन मॅडम,

निकाल आला. एकवीसपैकी पंधरा मुलं न पाहिलेला उतारा वाचतात. सहा अजून नाहीत.

केंद्रात आपला नंबर नववा. पहिल्यावरून नववा. केंद्राच्या बैठकीत यादी वाचली तेव्हा काही जणांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा नंबर ऐकून खाली न बघता समोर बघितलं.

शाळेत आलो तर सर्जेराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन बसलेले. मी म्हटलं, “आबा, नववा आलाय. पेढे कसले?”

“म्हाईत हाय मला,” ते म्हणाले. “पयला नंबर आमी मागितला न्हवता, तुमी दिला. ह्यो नववा पोरांनी आणलाय. घ्या, तोंड उघडा.”

मी उघडलं.

आणि त्याच दुपारी तुमचं पत्र आलं. पाकिटावर माझं नाव नव्हतं. ‘चिंचमळा शाळेतल्या मुलांस’ असं होतं. मी ते फोडलं, पण वाचलं नाही. तिसरी-चौथी गोलात बसवली आणि म्हटलं, “हे तुमचं आहे. कोण वाचतं?” सगळे हात वर. छापील नाही, हाताने लिहिलेलं, आणि तुमचा ‘झ’ कुणालाच ओळखू येत नाही. म्हटलं, ओळीने वाचा.

पंधरा जणांनी तुमचं पत्र वाचलं, मॅडम, एकेक वाक्य. तुम्ही घातलेल्या कोड्यापाशी सगळा वर्ग अडला, वाचनात नाही, उत्तरात. शेवटची ओळ म्हाळसाच्या वाट्याला आली. ती उभी राहिली, आधी मनात वाचली, मग माझ्याकडे बघून मोठ्याने वाचली, “सरांना सांगा, मे महिन्यात मी एक दिवस शाळेत येणार आहे. तोपर्यंत अजून न वाचणाऱ्या मुलांची नावं आणि कोण कुठे अडतंय, ते लिहून पाठवा.”

मला तिथे मुलांसमोर उभं राहवलं नाही. पाणी पिऊन येतो, असं त्यांना सांगून बाहेर गेलो.

आता नावं.

दिग्विजय आणि राम जूनमध्ये पाचवीला अंथुर्ण्याला जातील, म्हणून ते दोघे आधी. दिग्विजयला अक्षरं सगळी येतात, जोडाक्षर आलं की पान मिटतो. राम ‘भ’ आणि ‘म’मध्ये फसतो, त्यामुळे त्याची भाकरी अजून माकरी आहे. सुट्टीत दोघांना रोज सकाळी बोलावलं आहे.

शिवम शब्द वाचतो, पण वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतो. श्रेया इतकं हळू बोलते की ती वाचते की नाही हेच मला ठरवता आलेलं नाही. तिच्यासाठी मी चूक असू शकतो, तुम्ही ऐका. माऊली फळ्यावरचं वाचतो आणि हातातलं वाचत नाही, त्याचे डोळे तपासायला पुढच्या आठवड्यात इंदापूरला नेतो आहे. हे मला सहा महिने आधी कळायला हवं होतं.

सहावा अफजल. तो अनुस्वार सोडून द्यायचा. पतंगाचा पतग, रंगाचा रग. काल त्याने अख्खी ओळ अनुस्वारांसकट वाचली, आज दुसरा उताराही. माझ्या मते त्याला आता येतं. तरी त्याचं नाव मी यादीत ठेवलं आहे. तुम्ही या, त्याला बाजूला बसवून स्वतः ऐका, आणि खोडायचं असेल तर तुमच्या हाताने खोडा. मी पेन लावणार नाही.

आपला,
रामहरी शेंडगे